सरकारला उसने देणारा विद्यार्थी

शिष्यवृत्तीबद्दल आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. योजना खंडीभर आहेत, सरकार पैसाही ठेवते. मुलांनाच माहिती नसते, ती अर्ज वेळेत भरत नाहीत, दाखले अर्धवट जोडतात, म्हणून पैसा पोहोचत नाही, अशी ती समजूत. मग उपायही ओघानेच येतो : जनजागृती. जून उजाडला की वर्तमानपत्रांत योजनांच्या चौकटी येतात, महाविद्यालयांत शिबिरे भरतात, कोणी हौशी कार्यकर्ता सगळ्या योजनांची यादी मोबाइलवरून फिरवतो. यादी उपयोगी असते, नाही असे नाही. पण ज्या घरात ती वाचली जाते त्या घराचा प्रश्न तिच्यातून सुटत नाही, कारण तो मुळात माहितीचा नसतोच.

माझे म्हणणे असे : आपली शिष्यवृत्तीची व्यवस्था अडते ती तारखेपाशी. खर्च जुलै-ऑगस्टमध्ये येतो आणि मदत वर्ष सरत आल्यावर, कधी पुढच्या वर्षी. मधल्या महिन्यांचा भार उचलतो तो विद्यार्थ्याचा बाप, मामा, गावातला सोनार नाहीतर आईचा बचत गट. सरकारी भाषेत बऱ्याच योजनांना ‘शुल्क प्रतिपूर्ती’ म्हणतात आणि हा शब्द प्रामाणिक आहे. प्रतिपूर्ती म्हणजे झालेल्या खर्चाची भरपाई. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसा आहे त्यालाच ती मिळू शकते. ज्याच्याकडे तो नाही म्हणून योजना काढली, त्यानेच सरकारला काही महिने बिनव्याजी उसने द्यायचे, असा हा उलटा व्यवहार आहे. तो उमजल्याशिवाय अर्ज कसा भरावा हे कळत नाही आणि धोरण कुठे बदलावे हेही कळत नाही.

१. फी म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे

पहिला गोंधळ ‘मोफत’ या शब्दाचा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय चांगला आहे. पण ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ असे फलक लागले आणि घरोघरी समज झाला की आता एक रुपयाही लागणार नाही. शिक्षण शुल्क हा फीच्या पावतीवरचा एक रकाना. त्याखाली विकास शुल्क असते, ते या माफीत नाही. आणि पावतीच्या बाहेर खोलीचे भाडे, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप, प्रकल्पाचा खर्च, आजारपण. हिंगोलीची मुलगी पुण्यात अभियांत्रिकीला आली तर तिच्या बापाला रात्री जाग येते ती या दुसऱ्या यादीने.

ही गोष्ट राजर्षी शाहू महाराजांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळली होती. १९०१ मध्ये कोल्हापुरात त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करायला मदत केली आणि पुढे वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी केली. खेड्यातला मुलगा शाळेच्या फीपेक्षा शहरातल्या दोन वेळच्या जेवणाने हरतो, हे त्यांनी ओळखले. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही शाळांइतकीच वसतिगृहे महत्त्वाची मानली आणि ‘कमवा आणि शिका’ला प्रतिष्ठा दिली. गंमत अशी की, आज शाहू महाराजांचे नाव एका शुल्क योजनेला आहे, जिच्यात मुळात शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा अर्धा भाग मिळतो. नाव वसतिगृहे बांधणाऱ्याचे, मदत फीच्या रकान्याची.

निर्वाहासाठी काहीच नाही असे मात्र नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ता आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आहे, अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा भत्ता आहे. पण आकडे बघा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अभियांत्रिकी वा वैद्यकीय पदवीच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला मिळतात वर्षाला १३,५०० रुपये. बाराने भागा : महिन्याला १,१२५. पुण्यात साध्या मेसचे दोन वेळचे जेवणही या पैशांत पंधरा दिवस चालत नाही. स्वाधारची रक्कम मोठी आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. पण ती ज्या महिन्यात हवी त्या महिन्यात हाती पडली तरच तिचा उपयोग. इथे आपण पुन्हा तारखेकडे येतो.

२. वरातीमागून घोडे

प्रक्रिया कशी चालते ते पाहू. प्रवेश झाल्यावर विद्यार्थी राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज भरतो. तो महाविद्यालयातल्या लिपिकाच्या खात्यात जातो, तिथून प्राचार्यांच्या, तिथून संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयात. प्रत्येक टप्प्यावर तो ‘सेंड बॅक’ होऊ शकतो. मग मंजुरी, देयक, कोषागार आणि अखेरीस आधार जोडलेले बँक खाते. मध्येच अर्जाला मुदतवाढ मिळते, ती जवळजवळ दरवर्षी मिळते. लोकांना ती सवलत वाटते. पण प्रत्येक मुदतवाढ ज्याने पहिल्याच आठवड्यात अर्ज भरला त्याचीही वाट लांबवते.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत आणखी एक गाठ आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र आणि राज्य यांचे वाटे ६० आणि ४० असे ठरले. राज्याने आपला वाटा आधी टाकायचा, मग केंद्राचा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येणार, आणि त्यातली फी विद्यार्थ्याने महाविद्यालयात नेऊन भरायची. कागदावर ही थेट आणि स्वच्छ रचना आहे. प्रत्यक्षात एकाच फीचे दोन तुकडे दोन वेगळ्या तारखांना येतात आणि दोन्हींच्या मधल्या काळात महाविद्यालयाच्या खातेवहीत ते पोरगे थकबाकीदार असते.

वेळेवर न आलेल्या मदतीची किंमत काय असते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. ती मदत आधी हाती देणारी होती. बदल्यात बडोद्याच्या नोकरीचा करार होता. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडले, तेही सिडनहॅम महाविद्यालयातल्या नोकरीची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज एकत्र करून. मदत अपुरी नव्हती, चुकीच्या तारखेला संपली. आंबेडकरांसारखा माणूस ती तीन वर्षे भरून काढू शकला. तालुक्याच्या गावातून आलेले सामान्य बुद्धीचे पोर दुसऱ्या सत्रात गावी जाते आणि परत येत नाही. व्यवस्था सामान्य पोरासाठी बांधायची असते, हे आपण विसरतो.

३. पात्रता अर्जाच्या आधीच ठरलेली असते

जनजागृतीवाले अर्जापासून सुरुवात करतात. तोवर निम्मा निकाल लागून गेलेला असतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिष्यवृत्ती मिळते ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून, जागा घेतली तर. संस्था स्तरावरची किंवा व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली की दार बंद. खासगी आणि अभिमत विद्यापीठेही शुल्क माफीच्या या योजनांबाहेर आहेत. पुण्याभोवती डोंगर पोखरून उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती पाहून जो बाप ‘कर्ज काढू, पण इथेच घालू’ म्हणतो, त्याला हे कोणी सांगत नाही. प्रवेश समुपदेशक तर नाहीच नाही. विकल्प अर्जात आवडत्या तीनच महाविद्यालयांची नावे टाकून चारही फेऱ्या हुकवणाऱ्या आणि मग संस्था स्तरावर पळणाऱ्या मुलाने नकळत चार वर्षांची मदत सोडलेली असते. माझ्या लेखी आर्थिक मदतीचा सर्वांत महत्त्वाचा अर्ज म्हणजे कॅपचा विकल्प अर्ज.

४. उत्पन्नाचा दाखला : एक सरकारमान्य ललित लेखन

कोण गरीब, हे तहसीलदाराचा दाखला ठरवतो. महिन्याचा पगार बँकेत जमा होणारा सफाई कामगार स्वतःचे उत्पन्न रुपयाही लपवू शकत नाही. वीस एकर बागायती असलेल्याचे उत्पन्न मात्र अहवालात बसेल तेवढेच असते. दाखला देणारा यात नेहमी खोटे करतो असे मी म्हणत नाही. शेतीचे आणि छोट्या धंद्याचे उत्पन्न मोजायची साधनेच त्याच्याकडे नाहीत. परिणाम मात्र असा की पांढरी नोंद असलेला गरीब दाखल्यावर श्रीमंत ठरतो.

त्यावर मर्यादेचा कडा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाखांची मर्यादा २०१३ पासून तशीच आहे. तेव्हा अडीच लाखांत जे घर चालत होते ते आज चालते का, हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. दोन लाख एकोणपन्नास हजारांवर निर्वाह भत्ता आहे, दोन लाख एकावन्न हजारांवर नाही. महाराष्ट्रात मर्यादेपुढच्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना फी माफी मिळते, हे खरे आणि महत्त्वाचे. पण भत्ता जातो. ओव्हरटाइम केला म्हणून पोराचे जेवण सुटावे, ही पायरी नव्हे, कडेलोट आहे. उत्पन्न वाढेल तशी मदत हळूहळू उतरत जावी, इतके साधे गणित संगणकीकरणानंतरही आपण मांडू शकलेलो नाही.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप : मागासवर्गीय विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये असे आदेश आहेत, मग उसने देण्याचा प्रश्न येतो कुठे? आदेश आहेत. पण प्रवेशाच्या टेबलावर त्यासोबत एक हमीपत्र पुढे सरकवले जाते : शिष्यवृत्ती आली नाही तर पूर्ण फी मी भरीन. सही विद्यार्थ्याची, वचन सरकारचे, आणि ते मोडले तर दंड सही करणाऱ्याला. मग परीक्षेचा अर्ज अडतो, शेवटच्या वर्षी दाखला अडतो. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले, तरी खिडकीवरची भाषा फारशी बदललेली नाही. यात महाविद्यालयेही सरसकट खलनायक नाहीत. विनाअनुदानित संस्थेला दर महिन्याला पगार करायचे असतात. सरकारी थकबाकी तिलाही बुडवते. तिने तो ताण सर्वांत दुबळ्या टोकाकडे ढकलला, एवढेच.

दुसरा आक्षेप : पडताळणीशिवाय पैसे सोडले तर पुन्हा घोटाळे होतील. घोटाळे झाले आहेत. संस्थांनी बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्त्या उचलल्याची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली आणि त्यासाठी चौकशी पथक नेमावे लागले. पण गुन्हा संस्थांचा होता आणि दाखल्यांचे ओझे वाढले ते खऱ्या विद्यार्थ्यांवर. शिवाय पडताळणी तर आधीच झालेली असते. कॅपच्या सुविधा केंद्रावर जुलैमध्ये जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, अधिवास, गुणपत्रिका सगळे तपासले जाते. त्यावरच जागा मिळते. तेच शासन तोच कागद ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या संकेतस्थळावर पुन्हा मागते आणि ‘अस्पष्ट प्रत’ म्हणून परत पाठवते. याला दक्षता म्हणायचे की विसराळूपणा?

तिसरा आक्षेप सभ्य वाटतो : नियम सगळ्यांना सारखा आहे, जो धडपडेल त्याला मिळेल. याला उत्तर जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच देऊन ठेवले आहे. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी म्हटले होते की शिष्यवृत्त्या स्पर्धेने वाटणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी मागे राहिलेल्या वर्गांत शिक्षण पसरवायला ते उपयोगी पडत नाही. तेव्हाची स्पर्धा गुणांची होती. आजची स्पर्धा चिकाटीची, नेटवर्कची आणि थांबायच्या ऐपतीची आहे. थांबणे हीसुद्धा ऐपत आहे, हे तारखा ठरवणाऱ्यांना सुचत नाही.

आळशी विद्यार्थी असतात, हे मान्य. मुदत संपल्यावर धावणारे मीही पाहिले आहेत. पण आळशांवरून व्यवस्थेचे माप काढले तर वेळेत सगळे करूनही मार्च-एप्रिलपर्यंत रिकाम्या खात्याकडे पाहणाऱ्याला काय सांगणार?

बँकेला जे जमते

‘मग शैक्षणिक कर्ज घ्या’ असे म्हटले जाते. कर्जाची तुलना करायला हरकत नाही, कारण ती शिष्यवृत्तीची लाज उघड करते. बँक मंजुरीनंतर सत्राची फी सत्राच्या सुरुवातीला थेट महाविद्यालयाला पाठवते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर, साधारण वर्षभराची सवड देऊन सुरू होते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी त्या काळातले व्याज केंद्र सरकारने भरायची योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे, मात्र मानांकनातल्या निवडक संस्थांपुरती (मंजुरीच्या वेळी साधारण ८६०). तालुक्याच्या गावातले महाविद्यालय त्यात बहुधा नसतेच.

म्हणजे विद्यार्थ्याला पैसा आधी लागतो आणि परत करायला वेळ लागतो, हे कर्ज देताना सरकारला पुरते कळते. देणगी देताना मात्र कळत नाही. कर्ज वेळेवर आणि मदत उशिरा, असे ज्या राज्यात चालते तिथे गरीब घर शहाणपणाने कर्जाकडे वळते, आणि मग आपण त्याला ‘योजनेचा लाभ घेतला नाही’ म्हणून बोल लावतो.

करण्यासारखे

सरकारने करायच्या गोष्टी अवघड नाहीत. कॅपची जागा मिळाली त्याच दिवशी तात्पुरती मंजुरी द्यावी. कागद तेच आहेत. निर्वाह भत्ता पहिल्या महिन्यापासून दरमहा द्यावा, कारण पोट वर्षातून एकदा जेवत नाही. मंजूर रक्कम ठरलेल्या तारखेनंतर आली तर त्यावर विद्यार्थ्याला व्याज मिळावे. व्याज द्यावे लागले की कार्यालयांची गती कशी वाढते हे पाहण्यासारखे असेल. आणि हमीपत्र उलटे करावे : शिष्यवृत्ती आली नाही तर विद्यार्थ्याची परीक्षा वा दाखला अडणार नाही, याची हमी शासनाने महाविद्यालयाला द्यावी.

तोवर घरांनी काय करावे? याचना म्हणून नव्हे, दावा म्हणून अर्ज करावा. दाव्याला पुरावे आणि तारखा लागतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवावा, जूनच्या सेतू केंद्रावरच्या रांगेत नव्हे. दाखला मुदतीत मिळणे हा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दिलेला अधिकार आहे आणि विलंब झाला तर अपील करता येते. जात वैधतेचा प्रस्ताव अकरावीतच द्यावा. आधार नुसते खात्यावर नोंदवून भागत नाही. थेट लाभ कोणत्या खात्यात वळेल हे बँकेत जाऊन विचारून घ्यावे, कारण जुन्या, बंद पडलेल्या खात्याशी आधार जोडलेला राहिल्याने मंजूर पैसा अडकतो. विकल्प अर्ज भरताना शेजारी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी ठेवावी. संकेतस्थळावर दर आठवड्याला स्थिती पाहावी, अर्ज परत आला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करावा, आणि प्रत्येक टप्प्याची तारखेसह छापील प्रत फाइलला लावावी.

आणि प्रवेशाच्या टेबलावर हमीपत्र पुढे आले की सही करण्याआधी एक प्रश्न विचारा : माझा अर्ज मंजूर होऊनही पैसे उशिरा आले, तर परीक्षेचा अर्ज अडवणार नाही असे तुम्ही लिहून देता का? उत्तर तोंडी मिळाले तर ते लेखी मागा, आणि तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्यालाही मागायला सांगा.